संत्र्याच्या पेटीत लॅपटॉप

माझं शिक्षण चौथीचं, तेही अर्धं. पण दूरच्या वाटेला निघालेला माल कसा बांधायचा, हे मला कोणी शिकवू नये. सारी उमर मी संत्र्याच्या पेट्या भरल्या. पांढुर्ण्याच्या मंडीत भरल्या, मोहगाव-बोरगावकडच्या बागांत भरल्या, जिथं फळांचा तोडा असेल तिथं जाऊन भरल्या. खाली तणस, म्हणजे धानाचा वाळलेला पेंढा, त्यावर फळांचा थर, वर पुन्हा तणस. आमच्याकडे धान होत नाही, म्हणून तणस बालाघाटकडून ट्रकानं यायची. फळ हलू नये एवढं घट्ट भरायचं अन् त्याला दम घेता येईल एवढं मोकळं ठेवायचं. आज तोडलेलं फळ आजच पेटीत घालायचं नाही. रातभर सावलीत पसरून ठेवायचं, त्याच्या पोटातली गरमी निघून जाऊ द्यायची. नाही निघाली तर पेटी आतल्या आत तापते, अन् दिल्लीत उघडली की बाजारभर वास सुटतो. म्हणून भरलेल्या पेटीतही आम्ही फटीतून हात घालून पाहायचो. पेटी तापली का नाही, ते हाताला लगेच समजते, त्याला पुस्तक लागत नाही.

आता माल प्लास्टिकच्या क्रेटमधून जातो, तणस कोणी घेत नाही. मलाही कोणी बोलवत नाही. बोलावलं तरी गुडघे येऊ देणार नाहीत. पण हात अजून तेच आहेत, अन् त्या हातांवर माझा भरवसा आहे. गेल्या उन्हाळ्यात नातीचा लॅपटॉप नागपूरला न्यायचा होता तेव्हा तो मी बांधला, तो याच भरवशावर.

घरात आम्ही तिघं. मी, माझी सून अन् नात. मुलगा ट्रकवर असतो, दाराशी कमी अन् रस्त्यावर जास्त. बुढी, माझी बायको, आता नाही. नात सौंसरच्या कॉलेजात शिकली, कंप्युटरचं. लॅपटॉप तिनं वरच्या वर्गातल्या एका पोरीकडून घेतलेला, वापरलेला. एका बाजूनं त्याचं झाकण चिरलेलं. सुरू झाला की गिरणीसारखा घुरघुरायचा. ती तो गोधडीवर घेऊन बसली की थोड्या वेळात इतका तापायचा की गोधडी इस्त्री केल्यासारखी गरम लागायची. त्याच्या पोटाला बारीक जाळी आहे, तिथून तो हवा घेतो. गोधडीनं ती जाळी दाबली की त्याचा जीव गुदमरतो. हे तिनंच मला सांगितलं. मग ती त्याला लाकडी पाटावर ठेवायला लागली.

एकदा मी लॅपटॉपच्या पाठीवर हात ठेवून पाहिला अन् म्हटलं, "याले ताप हाये."

ती म्हणाली, "त्याले रोजच असते आबा. म्हातारा झाला तो."

"म्हाताऱ्याले रोज ताप नसते," मी म्हटलं. "मले पाहा."

नोकरीसाठी ती लय दिवसांपासून खटपट करून राहिली होती. दोन जागी फोनवरच नाही म्हणाले. मग नागपूरच्या एका ऑफिसातून बोलावणं आलं. आपापला लॅपटॉप घेऊन या, दुपारभर बसा, आम्ही देऊ ते काम आमच्यासमोर करून दाखवा, असं त्यांचं होतं. इकडे सौंसरच्या एका साड्यांच्या दुकानात काउंटरवर मुलगी पाहिजे होती. सुनेनं तिथं बोलून ठेवलं होतं. नागपूरचं झालं तर झालं, नाही तर दुसऱ्या दिवसापासून दुकान. हे घरात ठरल्यासारखं होतं. त्या दिवसांत नातीचं जेवण कमी झालं होतं. मी ताट पाहत होतो.

आदल्या दिवशी ती बॅग भरायला बसली. लॅपटॉपला स्पंजचं कव्हर घातलं, चेन लावली, ते कव्हर पाठीवरच्या बॅगेत कोंबलं. त्याच्या एका अंगाला सर्टिफिकेटांची फाइल, दुसऱ्या अंगाला कपडे, वरून डबा. मी बाहेरून बॅग दाबून पाहिली.

"याच्यात तर आंबे पिकायले ठेवतेत," मी म्हटलं.

"आबा, सारे असाच नेतेत."

"सारे नेतेत म्हणून आपण न्याव का? मे महिना हाये बाहेर. स्पंज त्याची गरमी बाहेर येऊ देईन का?"

"मग काय डोक्यावर नेऊ?"

मी उठलो. मागच्या खोलीत एक लहान लाकडी पेटी होती, तिच्यात कांदे होते. कांदे सुपात ओतले, पेटी झाडली, उन्हात ठेवली. शेजाऱ्यानं आंबे पिकवायला तणस आणली होती, तिच्यातून दोन मुठी मागून आणल्या. नात दारात उभी राहून पाहत होती.

"हे नाही होणार," ती म्हणाली. "हे लॅपटॉप हाये आबा, संत्रा नाही. याले वास नाही सुटत."

"म्हणूनच जास्त पाहा लागते. संत्रा निदान सांगते तरी, मी सडलो म्हणून."

"ऑफिसात काय म्हणतीन लोक? पोरगी पेटी घेऊन आली!"

"म्हणू दे. पेटी लाजायची चीज नाही. तुह्या बापाची फी याच पेटीनं भरली."

ती आईकडे पाहायला लागली. सून चुलीपाशी होती. ती मला मामाजी म्हणते, सासऱ्याला आमच्याकडे तसंच म्हणतात. मान वर न करता म्हणाली, "मामाजी सोबत जाऊन राहिले, तर मामाजीच्या मनानं होऊ दे. एकटी मी तुले पाठवत नाही. नाहीतर बसा दोघंही घरी."

असं ते ठरलं. नातीनं एवढंच मागितलं, की तणसीचा कचरा आत जाऊ नये म्हणून लॅपटॉप निदान कापडात गुंडाळा. मी बुढीचं जुनं सुती लुगडं फाडलं अन् त्याचा एकच थर गुंडाळला. जास्त गुंडाळलं तर दम कोंडला असता.

सकाळी बस यायच्या वेळेपर्यंत ती त्याच्यावर टकटक करून राहिली होती. मग झाकण लावून माझ्या हातात दिला. पाठ कोमट होती.

"पुरा बंद कर त्याले," मी म्हटलं. "गरम माल मी पेटीत घालत नाही."

"पुरा बंद केला की पुन्हा सुरू व्हायले अर्धा तास लावते. तिथी सारे काम करून राहतीन अन् मी याचं तोंड पाहत बसू? झोपवला हाये तो."

"झोपलेलं माणूस गरम असते."

"अन् मेलेलं थंड असते. मले थंड नाही पाहिजे."

बसचा हॉर्न ऐकू आला. मी पेटी बांधली.

सौंसरला बस बदलली. लग्नसराईचे दिवस, नागपूरची गाडी खचाखच भरलेली. पण ड्रायव्हर ओळखीचा निघाला. आधी तो संत्र्याचा ट्रक चालवायचा, माझ्या हाताच्या पेट्या त्यानं दूरदूर नेल्या होत्या.

"जय भीम काका! मागं कुठी जाता? इथी समोर या."

त्यानं एकाला उठवून मला आपल्या बाजूची सीट दिली. पेटी उचलून इंजिनच्या बोनेटवर ठेवली, खाली पोत्याची घडी टाकली. "काय हाये काका? या मोसमात संत्रा?"

"लॅपटॉप," मी म्हटलं.

तो हसला नाही. बोनेटवरची पेटी थोडी आत सरकवली, पडू नये म्हणून. नातीला मागं बायांमध्ये जागा मिळाली. तिथून ती ओरडली, "आबा, पेटी मांडीवर घ्या! खाली इंजिन हाये!"

भरल्या गाडीत नातीनं मला शिकवावं, तेही पेटीबद्दल, हे काही मला पटलं नाही. मी हात वर करून तिला गप केलं. तणस ऊन अडवते, हे मी सारी उमर पाहिलं होतं. पण ट्रकातल्या पेटीला ऊन वरून लागते, अन् ही गरमी खालून येत होती. पेटीला फटी खालीही असतात. वाफ वर चढते. पोत्याची घडी कितीशी अडवणार? तेव्हा हे मनात आलं नाही. ड्रायव्हरशी जुन्या गोष्टी सुरू होत्या, कोणता घाट, कोणता ढाबा, कोणाचा माल कुठं उलटला.

मध्यप्रदेशची हद्द संपून महाराष्ट्र लागल्यावर सवयीनं माझा हात पेटीकडे गेला. फटीतून बोटं आत घातली. तणस भाजल्यासारखी गरम. लुगडं त्याहून गरम. अन् लुगड्याच्या आत घुरघूर सुरू होती. कशानं कोण जाणे, तो झोपेतून उठला होता अन् आत एकटाच चालून राहिला होता.

मी पेटी उचलून मांडीवर घेतली. धोतरातून चटका लागला.

"गाडी थांबव," मी म्हटलं.

"सावनेरचं स्टँड आलंच काका."

स्टँडवर आम्ही उतरलो. कडुनिंबाखाली चहाचं दुकान होतं, तिथल्या बाकड्यावर पेटी ठेवली. नातीनं तणस उपसली, लुगडं सोडलं, अन् ओढणीत धरून लॅपटॉप बाहेर काढला. तोवर घुरघूर थांबली होती. झाकण उघडलं. काळं. बटण दाबलं. काहीच नाही. पोटाच्या जाळीत तणसीचे बारीक तुकडे अडकलेले दिसत होते.

"आबा," ती म्हणाली. तिनं बटण पुन्हा दाबलं.

लोक जमतातच. चहावाला म्हणाला, "बर्फाची पेटी आहे माझ्याजवळ, थंड्याच्या बाटल्या काढतो, ठेवा त्यात. पाच मिनिटात गार."

"नाही!" आम्ही दोघं एकदमच ओरडलो.

तापलेल्या फळावर थंड पाणी पडलं की साल डागी होते, म्हणून मी ओरडलो. आत पाणी धरते अन् सारं जळून जाते, म्हणून ती ओरडली. त्या दिवसात पहिल्यांदा आमचं दोघांचं एक झालं. चहावाला आपल्या कामाला लागला.

आमची बस निघून गेली. नातीनं लॅपटॉप बाकड्यावर तंबूसारखा उभा केला, जाळी मोकळी राहील असा. ओढणीची सेफ्टी पिन काढली अन् एकेक काडी बाहेर ओढायला लागली. मी तोंड जवळ नेलं तर म्हणाली, "फुंकू नका, थुंकी जाते आत." मग मी चहावाल्याचा पेपर घेतला अन् वारा घालायला बसलो.

"मी म्हटलं होतं, मांडीवर घ्या," ती म्हणाली.

"मी म्हटलं होतं, पुरा बंद कर."

"तणस तुमची."

"झोपवला तुनं."

चहावाला हसायला लागला. आम्ही दोघांनी त्याच्याकडे पाहिलं, तो थांबला.

थोड्या वेळानं काड्या काढता काढता ती हळूच बोलली, "नाही सुरू झाला तर साड्या घडी करीन, आबा. मले चांगली घडी करता येते."

रागानं म्हणाली असती तर मी काही उत्तर दिलं असतं. ती साधंच म्हणाली. मी पेपर हलवत राहिलो. हात भरून आला तर दुसऱ्या हातानं हलवला.

"आता सुरू करून पाहू?"

मी पाठीवर हात ठेवला. "थांब."

तिनंही ठेवला. "कमी झालं हाये आबा."

"वरून कमी झालं. पोटात हाये अजून."

"उशीर होऊन राहिला!"

"होऊ दे. एक बस अजून जाऊ दे."

"तुम्ही ना, लय हट्टी आहात."

"हाव."

ती बसली. माझं ऐकून बसली का स्वतःच्या भीतीनं बसली, ते मला माहीत नाही. पुढची बस फलाटाला लागली तेव्हा तिनं न विचारता बटण दाबलं. उजेड आला. तिनं डोळे मिटले, पुन्हा उघडले. अन् मग त्याला स्वतःहून पुरा बंद केला.

"आता तिथी अर्धा तास लागला तर लागू दे," ती म्हणाली.

चहावाल्यानं विचारलं, ही पेटी ठेवता का, कपाला बरी आहे. मी देऊन टाकली. पेटीत काही खोट नाही, हेही त्याला सांगितलं. बोनेटवर ठेवायची चीज नाही, एवढंच. गाडीत सावलीच्या बाजूची खिडकी मी भांडून मिळवली. एक माणूस म्हणाला, बुढ्याले हवा पाहिजे का? मी म्हटलं, मले नाही, याले. नातीनं लॅपटॉप नुसत्या फाइलीवर आडवा मांडीवर धरला अन् नागपूरपर्यंत त्याला हलू दिलं नाही.

ऑफिसाला काचेचं दार होतं. ती आत गेली. चौकीदारानं मला म्हटलं, "बाबाजी, आत एसी आहे, बसा." मी बाहेर पायरीवरच बसलो. आत बसलो असतो तर माझी नजर सारखी तिच्यावर गेली असती. चौकीदार बोलका होता. कोणत्या गावचे, काय करता, पोरगी काय शिकली. शेवटी म्हणाला, "सकाळपासून लय पोरं आली. सारे नवेकोरे लॅपटॉप घेऊन." त्यानं पाणी आणून दिलं, ते प्यालो.

ऊन उतरल्यावर ती बाहेर आली. बॅग पाठीवर, लॅपटॉप हातात. चेहऱ्यावरून काही कळेना.

"चाला," म्हणाली.

रस्ता ओलांडून बसस्टँडच्या ऑटोत बसेपर्यंत मी विचारलं नाही. मग विचारलं.

"मधातच बंद पडला," ती म्हणाली. "मी म्हटलं, मॅडम, हा गरम होते, थोडं थांबा लागते. त्या म्हणाल्या, तोवर काय करशील? मी म्हटलं, पुढचं तोंडानं सांगतो. फळ्यावर काढून दाखवलं, कसं करीन ते. त्यांनी दोघा-तिघांना बोलावलं. लय प्रश्न विचारले."

"मग?"

"मग हा सुरू झाला. पण काम पुरं नाही झालं."

"मग काय म्हणाले?"

"सोमवारपासून या म्हणाले. आधी शिकाऊ म्हणून."

मी तिच्याकडे पाहिलं. डोळे भरलेले.

"मग रडून काहून राहिली?"

"इथीच राहा लागते आबा. रोज जाणं-येणं नाही जमत. आई राहू देईन?"

परतीच्या बसमध्ये ती तेच बोलत होती. आई एकटीला राहू देणार नाही, दुकानवाल्याला हो सांगून ठेवलं आहे, बाबा ट्रकवर.

मी म्हटलं, "तुह्या मायशी मी बोलतो. माझ्यासमोर ती नाही म्हणत नाही."

"तुम्ही नका बोलू," ती म्हणाली. "तुम्ही बोलले की आई हो म्हणते, पण तुमच्या धाकानं म्हणते. मग महिनाभर मनात ठेवते. मी बोलतो. तुम्ही फक्त मधात पडू नका."

घरातल्या कोणत्याही गोष्टीत मी मध्ये पडलो नाही, असं आजवर झालं नव्हतं. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. कापसाची रिकामी वावरं, नांगरून ठेवलेली. सौंसर दिसायला लागलं तेव्हा म्हटलं, "बरं."

घरी पोचलो. हात-पाय धुतले. नात चुलीपाशी आईजवळ बसली अन् सारं सांगितलं, सावनेर, काळा पडलेला पडदा, फळा, सोमवार. बोनेटचंही सांगितलं. मी खाटेवर बसून ऐकत होतो. तोंडात शब्द येत होते, गिळत होतो. सून भाकर थापत होती. मधेमधे एखादं विचारायची. कुठी राहशील? जेवण कोण देईन? रात्री कोण राहते तिथी? नात एकेकाचं उत्तर देत होती. काहींची तिला माहीत नव्हती, तेही तिनं सांगितलं.

शेवटी सून माझ्याकडे वळली. "मामाजी, तुम्ही काहीच बोलून नाही राहिले?"

"तिनं सांगितलं तेच," मी म्हटलं.

ती माझ्याकडे पाहत राहिली. तव्यावरची भाकर करपायला लागली तेव्हा तिनं ती उलटली.

"साड्याच्या दुकानात मी हो म्हणून आली होती," ती म्हणाली.

"मग नाही म्हणून ये." एवढं माझ्या तोंडून निघालंच. नातीनं माझ्याकडे पाहिलं, मी दुसरीकडे पाहिलं.

सुनेनं तवा उतरवला. तिघांची ताटं वाढली. स्वतःच्या ताटात भाजी घेता घेता म्हणाली, "खोली मी पाहीन. माझ्या मनाले आली तर तू राहा, नाहीतर परत."

"हो," नात म्हणाली, अन् त्या दिवशी पोटभर जेवली.

सोमवारी सकाळी दोघी गेल्या. मला कोणी चला म्हटलं नाही, मीही विचारलं नाही. दुपारी फोन आला. सून होती. मागं गाड्यांचे आवाज येत होते.

"मामाजी, खोली बरी हाये. घरमालकीण आपल्याकडचीच हाये, पांढुर्ण्याची. आज मी इथीच राहतो पोरीजवळ, उद्या येतो. तुम्ही भाकर टाकून घ्या."

मी भाकर टाकून घेतली.